वाशिमचा फोन वाशिमात वाजू द्या

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासनाच्या व महामंडळांच्या मदत क्रमांकांवर येणारे फोन, फोन करणाऱ्याच्या गावानुसार वळवण्याबाबत.

महोदय,

मदत क्रमांक चालवण्याच्या निविदा आपल्या हाताखालच्या खात्यांतून निघतात. किती खुर्च्या, किती पाळ्या, किती सेकंदांत फोन उचलायचा, हे सगळं त्यांत बारकाईनं लिहिलेलं असतं. त्यात आणखी एक अट घालावी, एवढ्यासाठी हे पत्र. फोन करणारा कुठल्या गावचा, हे पहिल्याच मिनिटात नीट विचारून घ्यावं आणि तो फोन त्या गावाची माहिती असलेल्या, शक्यतो त्याच जिल्ह्यात बसलेल्या माणसाकडे जावा.

मी वाशिमात पंप, ठिबक आणि स्प्रिंकलर दुरुस्तीचा व्यवसाय करतो. माझी माणसं रिसोड, कारंजा, मानोरा अशा तालुक्यांच्या गावी आहेत आणि आमचा फोन इंटरनेटवरून चालतो. नंबर एक, पण वाजतो सहा तालुक्यांत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. पंपाचा धंदा म्हणजे निम्मा फोनचाच धंदा. मोटर बंद पडली की शेतकरी वावरातूनच फोन लावतो. हरभऱ्याला ओलित चालू असेल आणि वीज चारच तास उरली असेल, तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य त्याला शिवीसारखं लागतं.

गेल्या रब्बीत आमच्या मालेगाव तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकानं एका मोठ्या कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. गाव सांगितलं, तालुका मालेगाव सांगितला, तक्रार क्रमांकही मिळाला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन आला. ‘निघालोच आहे, अर्ध्या तासात पोचतो. तुम्ही मोसम पुलाच्या अलीकडे की पलीकडे?’ गिऱ्हाईक म्हणालं, ‘कोणता मोसम पूल बा? आमच्या इथं तं नाल्यावरचा पूल हाय.’ दोघांनी बराच वेळ एकमेकांना बसस्टँड, तहसील आणि पेट्रोल पंप समजावून सांगितले. गंमत अशी की या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे होत्या, त्यामुळे बोलणं छान जुळत गेलं. मेकॅनिक नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात उभा होता. मधे अर्धा महाराष्ट्र. तक्रार ‘ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही’ असा शेरा मारून बंद झाली.

महोदय, आमच्या जिल्ह्याचं हे जुनंच दुखणं आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि त्याच्या सहा तालुक्यांतली निम्मी नावं दुसरीकडेही असलेली. मालेगाव म्हटलं की नाशिकचं. कारंजा म्हटलं की वर्ध्याचं कारंजा घाडगे आडवं येतं, म्हणून आम्ही ‘कारंजा लाड’ म्हणतो. पण पडद्यावरच्या यादीत ‘लाड’ असेलच असं नाही. मंगरुळपीरच्या वाट्याला अमरावती जिल्ह्यातलं मंगरूळ दस्तगीर आणि बुलढाण्यातलं मंगरूळ नवघरे. खुद्द वाशिमचं तर विचारूच नका. फोनवर शेवटचं अक्षर गिळलं की ‘वाशी’ होतं. मग कुणी नवी मुंबईत पोचतं, कुणी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत. वत्सगुल्म म्हणून वाकाटकांच्या काळात राजधानी असलेल्या या गावाला आज ‘वाशिम, वाशी नाही, शेवटी म मगरीचा’ असं सांगत बसावं लागतं.

एके काळी हे सांगावं लागत नव्हतं, कारण नंबरच सांगायचा. वाशिमचा एसटीडी कोड 07252. लँडलाइनचे हे कोड ज्या क्षेत्रांना दिलेले होते, ती साधारण एकेका तालुक्याएवढी होती. म्हणजे घंटी वाजण्याआधीच यंत्राला कळत असे की फोन कुठल्या तालुक्यातून आला. मग मोबाइल आला. त्याच्या नंबरातून कळतं ते फार तर परिमंडळ. देशात अशी 22 परिमंडळं आहेत. मुंबईचं वेगळं, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. यंत्राच्या नजरेत मानोऱ्याचा शेतकरी आणि पणजीचा हॉटेलवाला एकाच ठिकाणचे. जानेवारी 2011 पासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला आणि 3 जुलै 2015 पासून परिमंडळ बदललं तरी. पुण्याला कामाला गेलेला पोरगा घरी बापाला जुनं सिम देतो, सुरतेहून परतलेला तिकडचाच नंबर चालवतो. नंबर आणि गाव यांची ताटातूट पुरी झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये तर दूरसंचार नियामकानं लँडलाइनचे क्रमांकसुद्धा तालुक्याएवढ्या क्षेत्राऐवजी परिमंडळाच्या पातळीवर हाताळावेत अशी शिफारस केली. नंबर वाया जाऊ नयेत हे त्यामागचं कारण रास्तच आहे. पण नंबरावरून माणसाचं गाव ओळखायचे दिवस संपले, हे त्यातून पक्कं कळतं.

तरी आपल्या व्यवस्था अजून ते दिवस आहेत असंच धरून चालतात. 1077 घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा हा क्रमांक. पूर असो, वीज पडलेली असो, राज्यभर हाच, आणि ज्या जिल्ह्यातून लावला त्या जिल्ह्याच्या कक्षात वाजावा ही अपेक्षा. लँडलाइनवर हे आपोआप होतं. मोबाइलवरून लावायचा, तर आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड जोडा असं सांगितलं जातं. पैनगंगेचं पाणी वावरात शिरत असताना 07252 कुणाला आठवणार? ज्यानं आयुष्यात लँडलाइनला हात लावला नाही, त्या विशीतल्या पोराला तर कोड हा प्रकारच माहीत नाही.

टॉवरवरून जागा काढता येते, हे मला मान्य आहे. पोलिसांच्या 112 साठी तसं काही असायलाच हवं. धडपणे बोलता न येणाराही तो नंबर लावतो. 2016 च्या नियमांनी नव्या मोबाइल हँडसेटमध्ये संकटाचं बटण आणि जीपीएस आवश्यक केलं, ते याचसाठी. पण साध्या मदत क्रमांकाला ना ती परवानगी असते ना ती सोय, आणि नसावीही. शिवाय टॉवरचं गणित आमच्याकडे सीमेवर चुकतं. रिसोडच्या कडेच्या गावात रेंज येते ती कधी कधी पलीकडच्या जिल्ह्यातल्या टॉवरची. इंटरनेटवरून आलेल्या फोनचा पत्ता तर त्याहून फसवा. वाशिमात बसून मोबाइल डेटावर काहीही उघडा, ‘आपण मुंबईत आहात’, ‘आपण नागपुरात आहात’ असं दिसतं. कारण कंपनीचं इंटरनेटचं दार तिथं आहे.

मला फोनयंत्रणा विकायला आलेल्या मुलानं लॅपटॉपवर एक झकास नकाशा दाखवला होता. ‘सर, कॉलरच्या लोकेशनप्रमाणे रूटिंग, एकदम ऑटोमॅटिक.’ मी माझ्याच खिशातल्या मोबाइलवरून फोन लावला. पडद्यावर उमटलं : महाराष्ट्र आणि गोवा. ही सोय मुळात अमेरिकेतल्या सवयीची. तिकडे 1947 पासून तीन आकडी एरिया कोड आहेत आणि बरीच वर्षं त्यावरून गाव नाही तरी प्रांत कळत असे. आपल्याकडे ते तंत्र उचलून आणलं, पण त्याखालची जमीन आणली नाही.

मग आम्ही काय केलं? विचारलं. फोन लागला की गावाकडच्याच एका मुलीच्या आवाजात प्रश्न येतो : ‘आपल्या गावाचा पिनकोड दाबा. माहीत नसेल तर थांबा.’ थांबलं की सहा तालुके सहा बटणांवर येतात. काहीच दाबलं नाही तर फोन सरळ माणसाकडे. 444506 आला की रिसोडचा फोन वाजतो, 444105 ला कारंजाचा, 444404 ला मानोऱ्याचा. आणि मालेगाव? आमचं 444503, नाशिकचं 423203. मोसम पुलाचा प्रश्न तिथंच मिटला. पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यातून टपाल वेगळं काढायचं, हीच त्यांच्यापुढची अडचण होती. फोनला आज तीच आली आहे.

लोकांना पिनकोड पाठ नसतो, असं मला पुष्कळांनी सांगितलं. खरंय, पण आधार कार्डावर तो छापलेला असतो आणि आता कार्ड खिशात नाही असा माणूस विरळा. हां, नव्या सुनेच्या आधारवर माहेरचा पिन असतो, पुण्याला शिकणाऱ्या पोरानं तिकडचा पत्ता टाकलेला असतो. म्हणून पिन आला तरी आमचा माणूस एकदा तोंडी विचारतोच : ‘रिसोड तालुका ना? गाव कोणतं?’ एकदा सांगितलं की ते त्या नंबरापुढे त्या माणसाच्या परवानगीनं नोंदलं जातं आणि पुढच्या वेळी विचारावं लागत नाही. महावितरणच्या बाबतीत हे काम आधीच झालेलं आहे. मोबाइल ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल, तर नुसत्या मिस्ड कॉलवर वीज गेल्याची तक्रार नोंदवता येते. कारण कुठलं मीटर, कुठलं उपकेंद्र हे नोंदीत आहे. नकाशा नको, टॉवर नको, नोंदवही नीट असली की भागतं. बाकीच्या खात्यांनी हे उचललं तरी पुष्कळ होईल.

पण फोन गावाप्रमाणे वळवायचा तो केवळ मेकॅनिक योग्य ठिकाणी पोचावा म्हणून नव्हे. जवळचा माणूस ऐकतोच वेगळं. शेतकरी सांगतो, ‘मोटर चालू केली की नुसती घों-घों करते, पाणी फेकत नाही.’ दूर शहरातल्या मदत केंद्रात बसलेली मुलगी लिहून घेते : ‘मोटर आवाज करते.’ आमचा रिसोडचा माणूस आधी ओरडतो, ‘पहिले स्टार्टर बंद कर!’ कारण तीन फेजपैकी एक गेली असणार, अजून मिनिटभर चालली तर मोटर जळणार. मग विचारतो, शेजारच्या वावरातली चालू आहे का? नाही? मग बिघाड मोटरचा नाहीच, डीपीवरचा फ्यूज उडालाय, लाइनमनला सांग. त्या फीडरला या आठवड्यात रात्रीची पाळी आहे हेही त्याला माहीत असतं, म्हणून तो ‘आता नको, अकरानंतर बघ’ असंही सांगतो. मेकॅनिकची फेरी वाचली, मोटर वाचली, फोन दोन मिनिटांत संपला. हे ज्ञान कुठल्याही लिखित प्रश्नावलीत बसत नाही.

भाषेचंही तसंच. ‘मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन’ यात मानोरा, मंगरुळपीर, कारंजाकडच्या तांड्यांवरची म्हातारी कुठे बसते? आमच्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या मदत क्रमांकांवर त्यांची गोरमाटी बोलणारा माणूस मिळणं हा योगायोग समजावा लागतो. किसान कॉल सेंटर 21 जानेवारी 2004 रोजी सुरू झालं ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळावं म्हणून. 22 भाषा आहेत तिथं, आणि हे मोठंच काम आहे. पण राज्याची भाषा आणि घरातली भाषा यांत अंतर असतं. वऱ्हाडीतला ‘सोयाबीनवर हळद्या आला’ हा वाक्प्रयोग पुण्याच्या मुलीला दोनदा विचारावा लागतो. जिल्ह्यात दहा खुर्च्या ठेवा. त्यांत गोरमाटी बोलणारं कुणीतरी आपसूक येईल, त्यासाठी वेगळी योजना काढावी लागणार नाही.

तंत्र आणि कायदा या दोन्हींत आता अडचण उरलेली नाही. 2018 मध्ये दूरसंचार विभागानं परवानाधारक कंपन्यांच्या इंटरनेट टेलिफोनीची वाट मोकळी केली. नोव्हेंबर 2020 आणि जून 2021 मध्ये कॉल सेंटरवरचे जुने जाचक नियम सैल झाले आणि घरी बसून फोन घेणंही मोकळं झालं. म्हणजे राज्याचं केंद्र पुण्यात किंवा नवी मुंबईत राहू द्या. त्याच यंत्रणेतली काही माणसं कारंजात हेडफोन लावून बसू शकतात. त्यासाठी काचेची इमारत लागत नाही. एक फायबरची लाइन, एक मोबाइल डेटाची पर्यायी सोय आणि चांगला इन्व्हर्टर एवढं लागतं. 108 रुग्णवाहिका सेवा 2014 पासून पुण्यातल्या एका केंद्रातून राज्यभर चालते, 112 चे फोन नवी मुंबई आणि नागपूरला घेतले जातात. एका छताखाली देखरेख सोपी, हे त्यामागचं कारण समजतं. पण देखरेखीसाठी पर्यवेक्षक एका छताखाली हवा. फोन उचलणारा तिथंच हवा असं आता राहिलेलं नाही. प्रत्येक फोनचं ध्वनिमुद्रण पुण्यात बसून तसंच ऐकता येतं.

‘आणि तुमच्याकडे जेसीबीनं फायबर तोडलं तर?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तोडतातच. रस्त्याचं काम निघालं की आमच्याकडे नेट जातं, हा नियमच आहे. म्हणून पायऱ्या लावाव्या लागतात. वाशिमात कुणी उचलला नाही तर वीस सेकंदांनी अकोला, मग अमरावती, मग पुणे. फोन पुढे सरकताना त्या माणसानं सांगितलेलं गाव आणि तक्रारही सोबत सरकली पाहिजे, एवढं मात्र बघा. आज होतं असं की फोन तीन हातांतून जातो आणि तिन्ही ठिकाणी ‘आपलं नाव?’पासून सुरुवात. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

आता माझ्याच मागणीविरुद्ध दोन गोष्टी लिहितो, कारण त्या न पाळता ही अट घातली तर न घातलेली बरी.

पहिली. सगळे फोन जवळ आणू नका. महिलांसाठीचा 181 घ्या. आमचा जिल्हा लहान, सगळे एकमेकांच्या नात्यात. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल फोन करणाऱ्या बाईला पलीकडून ओळखीचा आवाज आला, चुलत दिराच्या मेहुणीचा, तर ती फोन ठेवून देईल आणि पुन्हा कधी लावणार नाही. लाचेची तक्रारही तशीच. अशा क्रमांकांवर दूरचा माणूस हाच आधार असतो. तिथं ‘जिल्ह्यात जोडू की बाहेर?’ हे फोन करणाऱ्यालाच विचारायला हवं आणि काही न बोलल्यास बाहेरच जोडायला हवं. गाव सांगायचं की नाही हेही तिच्यावर सोडावं.

दुसरी. कुठून फोन आला यावरून कोण उचलणार हे ठरावं. किती लवकर उचलणार हे ठरू नये. खासगी कंपन्यांत मी हे पाहिलंय. पिनकोड 444 नं सुरू झाला की ‘या भागात सेवा मर्यादित’ अशी टेप लागते. मोठ्या शहरातला पिन दाबला की माणूस बोलतो. आम्ही हे करून पाहिलं आहे, एकाच फोनवरून, एकामागून एक. शासनाच्या यंत्रणेत असा भेद कुणी मुद्दाम करणार नाही. पण ठेकेदाराला सरासरीवर पैसे मिळत असतील तर तो आपोआप होतो. राज्याची सरासरी छान दिसते आणि मानोऱ्याचे फोन त्या सरासरीखाली पुरले जातात. म्हणून किती फोन आले, किती उचलले, किती मधेच तुटले, हे तालुकानिहाय दरमहा जाहीर करायची अट त्याच निविदेत हवी. आज तालुक्याचा आकडा मागितला तर मिळत नाही, कारण फोन कुठून आला हे कुणी विचारलेलंच नसतं.

वाशिम 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून निवडलेल्या चारांपैकी एक. यादीत असल्यानं आमच्याकडे पाहणीला माणसं बरीच येतात. त्यापेक्षा एक प्रयोग इथं होऊ द्या. एखादाच क्रमांक निवडा, माझ्या मते 1077. पावसाळ्याच्या आधी, मृगाला सुरुवात होण्यापूर्वी तो मोबाइलवरून कोड न जोडता वाशिमच्या कक्षात वाजेल अशी व्यवस्था करून द्या, पिनकोड किंवा तालुका विचारून. कक्षात पाळीपाळीनं बसायला पदवी घेऊन घरी असलेली मुलं-मुली आमच्याकडे भरपूर आहेत. आमच्या यंत्रणेत पिनकोड आणि गावांची जी यादी आम्ही जमवली, पोस्टातून विचारून, दोन पोस्टांच्या हद्दीवरची गावं हातानं दुरुस्त करून, ती मी फुकट देतो. सोबत आवाज देणाऱ्या मुलीचं नावही कळवीन; तिला विचारून.

आपला,
वाशिम येथील एक पंप-दुरुस्ती व्यावसायिक

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, वाशिम